देवळातील मोटर आणि मांडवातील सिंथेसायझर

गणेशोत्सव जवळ आला की दौलतगंजातील मंडळींच्या बैठकीत एक वाद उद्भवल्यावाचून राहत नाही. तरुणांनी मांडवात सिंथेसायझर व संगणक आणून अभंग म्हणावेत की नाही? वडीलधाऱ्यांचा कौल बहुधा ठरलेला असतो: विजेचे संगीत हे संगीतच नव्हे, देवापुढे ते शोभत नाही. ही चिंता आम्ही क्षुल्लक मानीत नाही. ज्या ग्वाल्हेरीत ख्यालाचे घराणे नांदले, तेथील जाणत्यांनी आपला कान जपावा हे उचितच आहे. परंतु त्यांचा निवाडा न्यायाला धरून आहे काय?

विजेचाच विटाळ मानावयाचा, तर तो प्रथम गाभाऱ्यासमोर मानला पाहिजे. आज कित्येक देवळांत सायंकाळी पुजारी एक बटण दाबतो आणि मोटर नगारा, झांज व घंटा एकदम बडवू लागते. आरती विलंबित असो की द्रुत, मोटरला त्याचे सोयरसुतक नाही. भजनाला बसावे तर तानपुऱ्याच्या जागी विजेची पेटी गुणगुणत असते. याविरुद्ध बैठकीत कोणी ब्र काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मग पोरांनीच काय घोडे मारले?

विजेच्या संगीताची वाटचाल कशी होते, हे पाहण्यास दिल्लीच्या ‘मिडिव्हल पंडित्झ’ या जोडीचे उदाहरण उपयोगी पडेल. गौरव रैना व तपन राज या दोन तरुणांनी १९९७ साली ती उभी केली. संगणक व वाद्ये यांना परस्परांशी जोडणारी ‘मिडी’ नावाची संकेतपद्धती १९८३ पासून प्रचारात आली. तिच्यावर, मध्ययुगवाचक इंग्रजी शब्दावर आणि आपल्या ‘पंडित’ या पदवीवर केलेली कोटी म्हणजे हे नाव. आरंभी त्यांचा आश्रय रात्रीच्या नाचगाण्याच्या मेळाव्यांचा. त्या मेळाव्यांना त्यांनी नाव दिले ‘सायबर मेहफिल’. २००१ साली मीरा नायर यांच्या ‘मॉन्सून वेडिंग’ या चित्रपटात त्यांची रचना आली आणि २००२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या सिक्स डिग्रीज कंपनीने त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. ‘मिडिव्हल टाइम्स’ (२००५), ‘हॅलो हॅलो’ (२००९) आणि ‘लाइट’ (२०१५) या त्यांच्या पुढील ध्वनिमुद्रिका होत.

या प्रवासात ती दोघे यंत्रापाशी एकटी राहिली नाहीत. अजय प्रसन्ना यांची बासरी आली, विशाल वैद यांचा गझलेत मुरलेला गळा आला, गिटार आली. कर्ष काळे हाही त्यांच्यासवे वाजवू लागला. मूळ नाव उत्कर्ष, आडनाव अस्सल मराठी, जन्म इंग्लंडातला आणि वाढ न्यूयॉर्कची. त्याने तबला विजेच्या यंत्राला जोडला खरा, पण तबल्यावर हात त्याचा स्वतःचाच राहिला. २००१ साली त्याची ‘रियलाइझ’ ही ध्वनिमुद्रिका निघाली; २००७ साली अनुष्का शंकर यांच्यासह त्याने ‘ब्रीदिंग अंडर वॉटर’ रचली.

हे संगीत वाचकांना रुचेलच असे नाही, आणि या मंडळींना मांडवात बोलवा असेही आमचे म्हणणे नाही. लक्षात घ्यावयाची ती दिशा. त्यांनी यंत्रापासून आरंभ केला आणि त्याच्याभोवती माणसे जमविली; आपल्या देवळांत पिढ्यान्‌पिढ्या माणसे होती आणि आपण यंत्र बसवून त्यांना घरी पाठविले. नगारा वाजविणारा गेला, त्याच्यामागे शिकणारा पोरगाही गेला. यांत परंपरेचा घात कोणी केला?

परंपरा म्हणजे न बदलणारी वस्तू, हा तर निव्वळ भ्रम आहे. बडे महंमद खाँ यांची तानबाजी हस्सू व हद्दू खाँ यांनी दौलतराव शिंद्यांच्या साहाय्याने पडद्याआडून ऐकून आत्मसात केली, अशी आख्यायिका ग्वाल्हेरीतच सांगतात. ज्या गायकीचा आपण अभिमान वाहतो, तिच्यात ही परक्याची तान अशी मुरलेली आहे. हार्मोनियम युरोपातून आली. १९४० साली आकाशवाणीने तिला घातलेली बंदी सुमारे तीस वर्षे टिकली. आज तिच्यावाचून एकही भजनी मंडळ बसत नाही. आमच्या कोंकणी बांधवांचे घुमट पाहा. त्यावर घोरपडीचे कातडे चढवीत. वन्यजीव कायद्याने ते वर्ज्य झाले तेव्हा बकऱ्याचे चढले. २०१९ साली गोवा सरकारने त्याच घुमटाला वारसावाद्याचा मान दिला. कातडे बदलले, तरी चवथीच्या आरतीला घुमटावर थाप पडते ती घरच्याच माणसाची.

तरुणांनाही दोन शब्द ऐकविले पाहिजेत. पखवाजाचा साठविलेला ठेका आज यंत्रात आयता मिळतो. तो लावून वर अभंगाचे चार शब्द म्हणणे हीही मोटरच, केवळ अधिक महागडी. ज्याला भजनी ठेका हाताने धरता येत नाही, त्याने तो संगणकाकडून वाजवून घेऊ नये. आधी गुरुजींपुढे बसावे, मग तारा जोडाव्यात.

म्हणून दौलतगंजातील विश्वस्तांपुढे व मंडळांपुढे आमची सूचना अशी: निदान सायंकाळच्या आरतीला मोटर बंद ठेवावी आणि नगारा, झांज व टाळ वस्तीतील मुलांच्या हाती द्यावेत. जी मुले वर्षभर ही सेवा करतील, त्यांना उत्सवात एक संध्याकाळ आपले सिंथेसायझर घेऊन मांडवात बसू द्यावे. त्या दिवशी वडीलधाऱ्यांनी पुढच्या रांगेत बसावे, शेवटपर्यंत ऐकावे आणि मगच काय तो निकाल द्यावा.