थंडीत जमीन उघडी का टाकता?



नाताळ जवळ आला की परडे झाडून लख्ख करण्याची आपल्याकडे चढाओढ लागते. नारळाखाली एक काडी राहू देत नाहीत. संध्याकाळी पालापाचोळ्याचे ढीग पेटतात, धूर थंड हवेत वर न जाता गावावरच बसतो आणि दम्याची माणसे रात्रभर उठून बसतात. स्वच्छता हवीच, पण ती अंगणात. झाडाखालची जमीन खरवडणे म्हणजे ऐन थंडीत तिचे पांघरूण ओढून घेणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे. उघड्या मातीतील ओल उन्हाने उडते, वरचा थर टणक होतो आणि पहिल्या वळवात तीच माती ओढ्याला जाते.

ज्यांच्या नारळ-सुपारीला पाणी मिळते त्यांनी भुईमुगाच्या जातकुळीतली, बारमाही हिरवी राहणारी एक पसरट वेल लावून पाहावी. १९५४ साली पिंटो नावाच्या संशोधकाने ती ब्राझीलमध्ये गोळा केली. त्यांच्यावरूनच तिचे शास्त्रीय नाव अराकिस पिंटोई पडले. फुले पिवळी येतात. शेंगांसाठी मात्र कोणी लावत नाही. ती सावली सोसते, मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र जमिनीला देते, आणि गुरेही आवडीने खातात.

कष्ट आहेतच. जून-जुलैत वीतभर फांद्या, दोन पेरे मातीत जातील अशा, फुटाफुटावर लावाव्यात. पहिले काही महिने गवत काढावेच लागते. मी पहिल्या वर्षी कंटाळा केला आणि गवताने वेल गिळली! नारळाचे आळे मोकळे ठेवावे, कारण खत तेथेच द्यायचे असते. शिवाय वेलही पाणी पिते. ज्यांची विहीर जानेवारीतच तळ दाखवते त्यांनी तिच्या नादी न लागता वाळलेला पालाच जाड पसरावा.

सापाची भीती सगळेच घालतात. ती खोटी नाही. म्हणून पायवाट, विहिरीचा काठ आणि दारापुढची जागा साफ ठेवा, रात्री हातात बत्ती घ्या.

काजूवाल्यांना हा सल्ला लागू नाही. पडलेली बी वेचायला झाडाखाली साफ जमीनच लागते. त्यांनी निदान झाडलेला पाला न पेटवता नारळाच्या आळ्यांत आणून टाकावा.

आमच्या परड्यातली वेल आता दाट झाली आहे. जूनमध्ये छाटणार आहोत. ज्यांना फांद्या हव्यात त्यांनी ओले पोते घेऊन सकाळीच यावे.