हरलेला डाव आणि पुढचा पण

वायदे बाजाराविषयी ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास प्रत्येक मध्यमवर्गीय कुटुंबाने गांभीर्याने घ्यावा असा आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. तरीही वर्षामागून वर्ष तोटा सोसणाऱ्यांपैकी पाऊणशे टक्क्यांहून अधिक लोक बाजारात टिकूनच राहिले.

हा केवळ हव्यास नव्हे. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की, मिळालेल्या शंभर रुपयांच्या आनंदाहून गमावलेल्या शंभरांची बोच तीव्र असते. लाभ हाती येत असता माणूस सावध होतो. खात्रीचा तोटा दिसताच तो टाळण्यासाठी मोठी जोखीम पत्करतो. द्यूतसभेत धर्मराजाचेही हेच झाले. संपत्ती गेली, राज्य गेले, तेव्हा त्याने भावंडांना पणाला लावले.

तोट्याच्या क्षणी विवेक साथ देईल या भरवशावर राहू नये. किती गमावल्यावर थांबायचे, हे शांत मनाने, घरच्यांना विश्वासात घेऊन, आधीच ठरवावे. मुलांच्या शिक्षणाची नि आईवडिलांच्या औषधपाण्याची पुंजी पटावर मांडण्याचा अधिकार एकट्या कर्त्याचा नसतो.