ती घरातच तर असते

'केअरर' ह्या इंग्रजी शब्दाला मराठीत नेमका असा प्रतिशब्द सापडत नाही. शोधू लागले की पत्नी, सून, लेक, मुलगा, भावजय अशी नातीच तेवढी हाती येतात. आजाऱ्याची शुश्रूषा ही नात्याच्या पोटातच आहे, तिला वेगळे नाव कशाला, अशी ह्या भाषेची समजूत दिसते. समजूत सुंदर आहे ह्यात शंका नाही. परंतु इंग्लंडात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ती अलीकडे महाग पडू लागली आहे. डॉक्टरांच्या दवाखान्यातील अर्जावर "आपण कोणाचे केअरर आहात काय?" असा प्रश्न छापलेला असतो, आणि पाच वर्षे सासूबाईंना न्हाऊमाखू घालणारी, रात्रीतून तीनदा उठणारी गृहिणी त्यापुढे 'नाही' अशी खूण करून मोकळी होते. तिच्या दृष्टीने ती खोटे बोलत नाही. ती सून आहे. केअरर म्हणजे पगार घेऊन दारी येणारी, गणवेश घातलेली बाई! पण कायद्याने तिच्यासाठी उघडी ठेवलेली कित्येक दारे त्या एका खुणेने तिच्यापुरती बंद होतात.

ज्या पिढीने १९६० ते १९७५ च्या दरम्यान डॉक्टर, अभियंते वा शिक्षक म्हणून ह्या देशात पाऊल ठेवले, ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. मंडळाच्या गणेशोत्सवात वीस वर्षे मोदकांची जबाबदारी उचलणाऱ्या बाई एके वर्षी येत नाहीत. दुसऱ्या वर्षीही येत नाहीत. "यजमानांची प्रकृती बरी नसते म्हणे," एवढे कोणीतरी सांगते, सारे हळहळतात आणि पंगत पुढे सरकते. आजारी माणसाची चौकशी होते. त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाची चौकशी करण्याची रीत अद्याप पडलेली नाही.

त्यातही स्मृतिभ्रंशाचा विकार घरात शिरला म्हणजे त्या माणसाची कोंडी पुरी होते. ह्या विकारात मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदा आधी गळून पडते आणि आईच्या मांडीवर शिकलेली तेवढी उरते. चाळीस वर्षे इंग्रजीत रोगी तपासलेले गृहस्थ संध्याकाळ झाली की दाराशी जाऊन "घरी चला" म्हणू लागतात, आणि ते घर असते साताऱ्यातले, जे केव्हाच विकले गेले आहे. पगारी मदतनीस कितीही मायाळू असली तरी तिला हे शब्द कळत नाहीत. पत्नीला कळतात. म्हणून पत्नीला उठता येत नाही. बाजारात जायचे तर धाकधूक, स्वतःच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करावयाची तर तारीख पुढे ढकलणे, आणि मुले दूरच्या गावी नोकरीत. २०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड व वेल्समध्ये विनावेतन शुश्रूषा करणाऱ्यांची संख्या सुमारे ५० लाख होती आणि पंचावन्न ते एकोणसाठ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण सर्वांत अधिक आढळले. म्हणजे स्वतःच्या सांध्यांनी कुरकुर सुरू करावी त्याच वयात दुसऱ्याला उचलण्याची पाळी येते.

हे दुःख केवळ परदेशातून आलेल्यांचे आहे असे मात्र कोणी समजू नये. मेरी वेबस्टर ह्या ख्रिस्ती धर्मोपदेशिकेने १९५४ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, वृद्ध मातापित्यांच्या शुश्रूषेसाठी आपले काम सोडले. ती अविवाहित होती; घरात तीच एकटी 'मोकळी' होती. १९६३ मध्ये तिने वृत्तपत्रांना पत्रे लिहून आपल्यासारख्यांची स्थिती जगापुढे मांडली, आणि देशभरातून स्त्रियांची उत्तरे येऊ लागली. प्रत्येकीला तोपर्यंत वाटत होते की हे आपल्या एकटीच्याच वाट्याला आले आहे. त्यातून १९६५ साली ह्या स्त्रियांची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. आजची 'केअरर्स यूके' ही संस्था तिचीच वंशज होय. मेरी वेबस्टर १९६९ मध्ये निवर्तली. तिच्या चळवळीचे एक फळ म्हणजे १९७६ साली सुरू झालेला शुश्रूषा-भत्ता.

पण त्या भत्त्याच्या नियमांत एक मेख होती. विवाहित स्त्रीस, तसेच पुरुषासोबत पत्नीप्रमाणे राहणाऱ्या स्त्रीस, तो मिळत नसे. का? तर ती नाही तरी घरातच असते! जॅकी ड्रेक ह्या विवाहितेने आईच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडली होती. तिने हा प्रश्न थेट युरोपीय न्यायालयापर्यंत नेला आणि जून १९८६ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. तेव्हा कोठे विवाहितांना तो भत्ता मिळू लागला. इंग्रज सरकारने दहा वर्षांत हे वाक्य मागे घेतले. मराठी घरांतून ते अजून मागे घेतले गेलेले नाही. "ती घरातच तर असते" हे उद्गार आजही दिवाणखान्यात सहज कानी पडतात, आणि उच्चारणारे त्यात कौतुकच करीत असतात.

इंग्लंडमध्ये आज ह्या विषयाचा मुख्य आधार म्हणजे २०१४ चा केअर अ‍ॅक्ट. तो एप्रिल २०१५ पासून अमलात आला. स्कॉटलंड व वेल्स येथे कायदे निराळे आहेत, पण रोख तोच. रोग्याची पाहणी होवो वा न होवो, त्याची शुश्रूषा करणाऱ्यास स्वतःच्या गरजांची स्वतंत्र पाहणी करून घेण्याचा हक्क ह्या कायद्याने दिला आहे. ब्रेंट असो, हॅरो असो वा लेस्टर, आपल्या कौन्सिलच्या प्रौढ समाजसेवा विभागास दूरध्वनी करून 'केअरर्स असेसमेंट' हवी एवढे दोन शब्द उच्चारले की पुरे. त्यास मिळकतीची अट नाही, आठवड्याला अमुक तास राबले पाहिजे अशीही अट नाही. झोप मिळते काय, नोकरी टिकते काय, स्वतःच्या औषधपाण्यास वेळ उरतो काय, हे विचारले जाते. आणि त्यातून काही तास घरी येऊन बसणारी व्यक्ती, दिवसाचे केंद्र, किंवा एखाद्या पंधरवड्यापुरती शुश्रूषागृहातील व्यवस्था असा मार्ग निघू शकतो. ह्यालाच इंग्रजीत 'रेस्पिट' म्हणतात. मराठीत त्याला 'विसावा' म्हणावे; ओव्या-अभंगांच्या भाषेला हा शब्द परका नाही.

पाहणीच्या दिवशी मराठी घरात काय घडते तेही सांगितले पाहिजे. समाजसेविका येणार म्हणून घर आवरले जाते. पोहे केले जातात. आजोबा स्वच्छ सदरा घालून बसतात आणि अर्धा तास अस्खलित इंग्रजीत हवापाण्याच्या गोष्टी करतात. (हा चमत्कार पाहुणे आले की हटकून घडतो, आणि पाहुणे गेले की ओसरतो.) "काही अडचण?" ह्या प्रश्नाला "छे, आमचे ठीक चालले आहे," असे उत्तर मिळते. समाजसेविका तेच लिहून घेते आणि निघून जाते. घरची अब्रू राखली गेली खरी. विसावा मात्र गेला. म्हणून पाहणीपूर्वी एक आठवडाभर रोज रात्री कितीदा उठावे लागले, किती वेळा कपडे बदलावे लागले, हे वहीत टिपून ठेवावे आणि ती वही पुढे करावी. तोंडाने सांगण्याचा संकोच वहीला नसतो.

पैशाच्या बाबतीतही असाच गैरसमज आहे. "आम्ही काही गरीब नाही" ह्या अभिमानापायी कित्येक कुटुंबे अटेंडन्स अलाउन्सचा अर्जही आणीत नाहीत. वस्तुतः पेन्शनचे वय उलटलेल्या आजाऱ्यास मिळणारा हा भत्ता मिळकत पाहून दिला जात नाही; निवृत्त शल्यविशारदालाही तो मागता येतो. शुश्रूषा करणाराचा भत्ता मात्र कंजूष आहे. २०२५-२६ साली तो आठवड्यास ८३.३० पौंड होता, आणि त्यासाठी किमान ३५ तास शुश्रूषा करावी लागे. म्हणजे तासाला अडीच पौंडही पडत नाहीत. त्या वर्षी आठवड्याची निव्वळ कमाई १९६ पौंडांच्या वर एका पौंडाने गेली तरी सारा भत्ता बुडे. स्वतःचे सरकारी पेन्शन घेणाऱ्यांच्या हाती तर तो बहुधा पडतच नाही. ह्याला मोबदला म्हणणे धाडसाचे होईल. विसाव्याच्या व्यवस्थेचा खर्च रोग्याच्या नावे धरला जातो आणि त्याच्या मालमत्तेचा हिशेब होतो, हेही आधीच ठाऊक असलेले बरे. इमिग्रेशनच्या अटींखाली आलेल्या मातापित्यांच्या बाबतीत अर्ज करण्यापूर्वी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइससारख्या ठिकाणी विचारणे श्रेयस्कर. नोकरदारांना २०२३ च्या कायद्याने एप्रिल २०२४ पासून वर्षातून एका आठवड्याची शुश्रूषा-रजा मिळते, पण बिनपगारी.

मराठी कुटुंबाला सर्वांत उपयोगी पडेल अशी तरतूद मात्र सहसा कोणाच्या कानी गेलेली नसते. कौन्सिलने मंजूर केलेली मदत तिच्याच माणसाकडून घेतली पाहिजे असे नाही. 'डायरेक्ट पेमेंट' ह्या पद्धतीने ती रक्कम कुटुंबाच्या हाती येते आणि कुटुंबाला आपल्या पसंतीचा मदतनीस नेमता येतो. एकाच घरात राहणाऱ्या जवळच्या नातलगाला ती सामान्यतः देता येत नाही. पण दोन गल्ल्या पलीकडच्या मराठी बोलणाऱ्या बाईंना देता येते. "घरी चला" ह्या शब्दांना "चला, आधी चहा घेऊ" असे मराठीत उत्तर देणारे माणूस त्यामुळे घरात येऊ शकते.

आता आक्षेप. आईवडिलांची सेवा परक्याच्या हाती सोपवणे हे संस्कृतीत बसत नाही, असे म्हणणारे सज्जन पुष्कळ आहेत आणि त्यांच्या भावनेची टवाळी करण्याचे कारण नाही. ते पुंडलिकाचे उदाहरण देतात. मातापित्यांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने साक्षात देवाला विटेवर थांबावयास लावले. परंतु त्याच विठ्ठलाची दुसरीही एक कथा महाराष्ट्राने तितक्याच प्रेमाने जपली आहे: जनाबाईचे हात दळता दळता भरून आले तेव्हा तो तिच्या जात्याशी येऊन बसला आणि दळू लागला. पहिली कथा सभांतून सांगितली जाते, कारण ती इतरांना कर्तव्य शिकवते. दुसरी सांगणाऱ्याला मात्र स्वतःच उठून खुंट्याला हात लावावा लागतो.

येथे मंडळांचा संबंध येतो. गणपतीच्या मंडपासाठी, दिवाळी पहाटेसाठी, नाटकाच्या तिकिटांसाठी मंडळाकडे स्वयंसेवकांची उणीव नसते. पंधरा दिवसांतून एक दुपार सभागृह उघडे ठेवावे, तेथे वृद्धांनी पत्ते खेळावेत, जुनी नाट्यगीते ऐकावीत, वरणभात खावा, आणि त्या तीन तासांत त्यांच्या घरच्या माणसाने केशकर्तनालयात जावे, डॉक्टरांकडे जावे किंवा नुसते झोपावे, एवढे काम मंडळाच्या शक्तीबाहेरचे नाही. स्वयंसेवकांची डीबीएस तपासणी करावी लागेल, विमा उतरावा लागेल. आंघोळ घालणे, उचलणे ह्या भानगडीत मंडळाने पडू नये. ते नोंदणीकृत संस्थांचे काम आहे आणि कायदा तेथे कडक आहे. मंडळाने सोबत द्यावी. अर्ज भरावयास शेजारी बसावे, पाहणीच्या दिवशी वही काढण्याची आठवण करावी. कौन्सिलची जागा घेण्याचा आव आणू नये, कारण उद्या तीच सबब पुढे करून कौन्सिल हात झटकील: ह्या लोकांचे ते लोक पाहून घेतात, त्यांना गरज नाही! हा समज अधिकाऱ्यांत आधीच बराच पसरलेला आहे आणि मराठी माणसाच्या मौनाने तो पोसला आहे.

पुरुषांचा उल्लेख राहून जाऊ नये. पत्नीची शुश्रूषा करणारे पती ह्या समाजात दिसतात त्याहून बरेच अधिक आहेत. आयुष्यभर स्वयंपाकघरात पाऊल न टाकलेले गृहस्थ सत्तरीत खिचडी शिजवावयास शिकतात आणि त्याची वाच्यता करीत नाहीत. त्यांना मदत मागणे अधिकच जड जाते. त्यांच्याकडे भजनी मंडळही नसते.

मंडळाच्या सभासदत्वाचा अर्ज दर वर्षी नव्याने छापला जातो. त्यात नाव, पत्ता, मुलांची नावे, नाटकात भाग घेण्याची इच्छा, वर्गणी कशी भरणार, हे सारे विचारलेले असते. त्यात आणखी एका ओळीला जागा होईल: "आपल्या घरी आपण कोणाची शुश्रूषा करता काय? असल्यास आठवड्यातील कोणती दुपार आपणांस सोयीची?" प्रश्नात 'केअरर' हा शब्द नको. तो असला तर पुन्हा सगळ्या 'नाही' अशीच खूण करतील.