हरलास? मग नवा विकत घे!

मागच्या रविवारी माझा आठ वर्षांचा मुलगा बिल्डिंगच्या पार्किंगमधून रडत वर आला. मला वाटलं पडला असेल. गुडघे बघितले, कोपर बघितले, काही नाही. तर म्हणे, "पप्पा, माझा बेब्लेड जुना झाला. मी आता कधीच जिंकणार नाही."

बेब्लेड घेऊन किती दिवस झाले होते? पाच आठवडे!

ज्यांच्या घरात लहान मूल नाही त्यांच्यासाठी सांगतो. बेब्लेड म्हणजे आपला भोवराच, फक्त जाळीऐवजी लाँचरने सोडायचा. जपानमध्ये बेगोमा नावाचा जुना भोवरा आहे, त्याच्यावरून टाकारा या खेळणी कंपनीने १९९९ साली बेब्लेड बाजारात आणला. २००१ साली त्याची कार्टून मालिका टीव्हीवर आली. क्रम नीट बघा. आधी खेळणं, मग गोष्ट.

पोरगा इतका का रडतोय ते कळावं म्हणून मी त्याच्या शेजारी बसून जुन्या मालिकेचा एक भाग पूर्ण बघितला. मग दुसरा, मग तिसरा. खरं सांगू? मजा येते. मैत्री आहे, जिद्द आहे, "मेहनत कर" हे पण आहे. पण साचा ओळखायला वेळ लागत नाही. हिरो टायसन अडचणीत येतो. त्याचा दोस्त केनी लॅपटॉप उघडतो आणि भोवऱ्याची चिरफाड करून सांगतो, अटॅक रिंग अशी हवी, वेट डिस्क तशी हवी, बेस बदलायला हवा. बदल होतो आणि पुढचा सामना रंगतो. हे सगळे सुटे भाग दुकानात मिळतात. म्हणजे केनीचं अर्धं भाषण हे खेळण्याचं माहितीपत्रकच आहे, फक्त आपण त्याला डायलॉग समजतो. टायसनचा ड्रॅगूनसुद्धा एकच राहत नाही. स्टॉर्म, फायटर, व्हिक्टरी, गॅलेक्सी अशी त्याची रूपं येत राहतात. गोष्टीत नवं रूप आलं की दुकानात नवा डबा!

आता माझ्या पोराचं वाक्य परत वाचा. "माझा बेब्लेड जुना झाला." तो हट्ट करत नव्हता. त्याला जे शिकवलं तेच तो बोलत होता.

हा धंदा नवीन नाही. अमेरिकेत १९६९ सालीच हॉट व्हील्स गाड्यांवर कार्टून निघालं, तेव्हा प्रतिस्पर्धी कंपनीने तिथल्या प्रसारण आयोगाकडे तक्रार केली की हा कार्यक्रम नाही, ही जाहिरात आहे. आयोगालाही ते बऱ्यापैकी पटलं होतं. पण ऐंशीच्या दशकात वारं फिरलं. १९८३ साली मॅटेलच्या खेळण्यांवरून ही-मॅन आला. आपल्या पिढीने तो दूरदर्शनवर बघितलाय, पट्टी वर करून आपण पण ओरडलोय. प्रत्येक भागाच्या शेवटी ही-मॅन मंडळी एक बोधही द्यायची. बोध फुकट, बाहुला विकत! १९८४ साली त्या आयोगाने मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींवरची वेळेची मर्यादाच काढून टाकली आणि त्याच वर्षी ट्रान्सफॉर्मर्स आलं.

ट्रान्सफॉर्मर्सचा किस्सा तर प्रत्येक आईबापाने ऐकावा असा आहे. १९८६ च्या सिनेमात त्यांचा नायक ऑप्टिमस प्राइम मरतो. का? गोष्टीला गरज होती म्हणून नाही. जुनी खेळणी बंद करून नवीन आणायची होती म्हणून. थिएटरमध्ये पोरं हमसून हमसून रडली. आईबाप चिडले. शेवटी १९८७ साली खास भाग काढून त्याला जिवंत करावं लागलं. पात्राचं मरण आणि जगणं दोन्ही मालाच्या हिशोबाने ठरलं.

आता आपल्याकडे या. आपल्या केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की जाहिरात ही कार्यक्रमापासून वेगळी ओळखू आली पाहिजे. तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती नकोत. २०२२ साली केंद्राने फसव्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात म्हटलंय की मुलांच्या अननुभवाचा, भाबडेपणाचा फायदा घेऊ नका, ती वस्तू घेऊन साधं मूल काय करू शकेल ते फुगवून सांगू नका. नियम चांगलेच आहेत.

पण माझा प्रश्न साधा आहे. हे सगळे नियम १२ मिनिटांवर लक्ष ठेवतात. उरलेली ४८ मिनिटंच जाहिरात असतील तर? भोवऱ्यातून आग ओकणारा ड्रॅगन बाहेर येतो, हे जाहिरातीत दाखवलं तर विचारता येईल की बाबा, हे साध्या मुलाला जमेल का. तेच कार्टूनमध्ये दाखवलं की ती गोष्ट झाली, कोणी विचारायचं नाही. आपण आईबाप पण तसेच. ब्रेक लागला की आवाज कमी करतो आणि कार्टून सुरू झालं की निर्धास्त होऊन स्वयंपाकघरात जातो. आणि मोबाईलवर तर ब्रेक कुठला आणि भाग कुठला हेच कळत नाही.

मी बंदी मागत नाही. बंदी घातली की पोरं चोरून बघतील. मागणं दोनच. एक, ज्या खेळण्यावर कार्टून आहे त्या खेळण्याची जाहिरात त्याच कार्टूनच्या मधे नको. अमेरिकेने १९९० च्या कायद्यानंतर निदान एवढं तरी केलं. दोन, ही मालिका विक्रीच्या खेळण्यावर आधारित आहे, अशी ओळ भागाच्या सुरुवातीला मुलांच्या भाषेत, ठळक दिसू दे. मोबाईलवर पण. सिगारेट ओढताना दाखवली की खाली इशारा येतोच ना?

कोणी म्हणेल, पेणकरपाड्यात पाणी, ट्रॅफिक, खड्डे एवढे प्रश्न असताना हे काय घेऊन बसलात. बरोबर आहे. पण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पोरगा रडायला लागतो तेव्हा तो पण घरातलाच प्रश्न असतो. दुकानातला ओरिजिनल परवडत नाही, रस्त्यावरची नक्कल दोन दिवसात तुटते. २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, पण चेकनाक्यावरून घाईत घरी येताना किती जण तो बघून घेतो? मीही नाही बघत.

आमच्याकडे पुढे काय झालं ते सांगतो. मी नवीन घेऊन दिला नाही. दोन दिवस साहेब माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्याने आणि शेजारच्या पोराने आपापले बेब्लेड उघडून रिंगा बदलून बघितल्या आणि तासभर खिदळत होते. म्हणजे खेळणं वाईट नाही. हरणं म्हणजे वस्तू जुनी होणं, हा धडा वाईट आहे.

आमचे बाबा हे सगळं खुर्चीवरून बघत होते. म्हणाले, "आम्ही भोवरा हरलो की जाळी परत गुंडाळायचो." एवढंच बोलले आणि पेपर उघडला.

येत्या रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये लाकडी भोवरा आणि बेब्लेड, दोन्ही खेळायचं ठरलंय. हातावर भोवरा घेता येणारे काका-मामा अजून आहेत का आपल्याकडे? असतील तर या, पोरांना दाखवा. आणि तुमच्या घरात "जुना झाला" म्हणून काय काय पडून आहे, ते कमेंटमध्ये लिहा. बघूया यादी कुठपर्यंत जाते.