चिखलाचे दिवस मोजावेत, मग टायर घ्यावेत

नाशिक जिल्ह्यातील अनेक बागायतदारांच्या दारी आज जीपच्या जातीची एखादी गाडी उभी असते. सकाळी ती शिवारात जाते, दुपारी तालुक्याच्या गावाहून खते व औषधे आणते, आणि प्रसंगी घरातील आजारी माणसास दवाखान्यातही तीच पोहोचविते. निफाड, दिंडोरी वा चांदवड तालुक्यातील अशा गाडीस एकाच दिवशी काळ्या मातीची गाडीवाटही तुडवावी लागते आणि मुंबई-आग्रा महामार्गावरून वेगाने धावावेही लागते. साहजिकच टायर झिजले, की कोणते नवे घ्यावेत हा प्रश्न पडतो. शेतात जाणाऱ्या गाडीस मोठ्या ठोकळ्यांचे व खोल खाचांचे टायरच हवेत, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु ज्या शेतकऱ्याची गाडी रोज चालते आणि ज्याचा पैसा मोजका आहे, त्याच्या बाबतीत हा समज बहुधा तोट्याचा ठरतो.

बाजारात या गाड्यांसाठी टायरच्या मुख्यतः तीन जाती मिळतात. दुकानदार त्यांना एच.टी., ए.टी. आणि एम.टी. या आद्याक्षरांनी ओळखतात. पहिली जात डांबरी रस्त्याची; तिची नक्षी दाट असते, ती कमी आवाज करते व सावकाश झिजते. तिसरी जात चिखलाची. तिच्या ठोकळ्यांमध्ये रुंद खाचा असल्याने मऊ जमिनीत ती पकड घेते, पण डांबरावर तिचे रबर लवकर झिजते, डिझेल अधिक लागते आणि ओल्या गुळगुळीत रस्त्यावर तिची पकडही उणी पडते. दुसरी जात या दोहोंच्या मधली होय.

यांतून निवड करण्यापूर्वी शेतकऱ्याने आपल्या गाडीचे चिखलातील दिवस मोजावेत. द्राक्षांचा हंगाम मुख्यत्वे जानेवारी ते एप्रिल असा असतो आणि त्या काळी वाटा कोरड्या असतात. उन्हाळ कांदा मार्च ते मे या महिन्यांत निघतो. पावसाळ्यात तो चाळीतून लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात जातो, आणि चाळ पुष्कळदा वस्तीजवळ, पक्क्या वाटेच्या कडेला असते. छाटणीनंतर पावसात बागेत औषध फवारण्याचे काम ट्रॅक्टरचे आहे. जीपने ते करू नये व ट्रॅक्टरसारखे टायरही मागू नयेत. असा हिशेब केला, तर पुष्कळांच्या वाट्यास वर्षातून तीस-चाळीस दिवसच खऱ्या चिखलाचे येतील.

याला अपवाद आहेत. पेठ, सुरगाणा, इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत पाऊस फार व चढउतार तीव्र असतो. पावसाळी टोमॅटो पिकविणाऱ्यास तोडणीच्या काळात शेतातून माल काढावाच लागतो, मग वाट कशीही असो. अशांनी मधल्या जातीचे टायर घेणे उचित होय. परंतु निव्वळ चिखलाची जात त्यांच्यापैकीही थोड्यांनाच लागेल.

खर्चाचा हिशेब किलोमीटरवर मांडला म्हणजे फरक स्पष्ट होतो. उदाहरणादाखल असे धरू, की रस्त्याचा एक टायर 6,000 रुपयांना मिळतो व 60,000 किलोमीटर चालतो. चिखलाचा टायर 9,000 रुपयांना मिळतो व 40,000 किलोमीटर चालतो. चार चाकांचा खर्च पहिल्या प्रकारात दर किलोमीटरला 40 पैसे, तर दुसऱ्यात 90 पैसे येतो. गाडी वर्षात 15,000 किलोमीटर धावली, तर हा फरक 7,500 रुपयांचा होतो. जास्तीचे डिझेल वेगळेच. प्रत्येकाने आपल्या दुकानातील भाव घालून हे गणित पुन्हा करावे.

शिवाय काळ्या मातीपुढे कोणत्याही नक्षीचे फारसे चालत नाही. ती चिकट माती खाचांत भरून बसली, की ठोकळ्यांचा टायरही गुळगुळीत होऊन जागीच फिरू लागतो. वाटेवर मुरूम पडणे, तिला चर असणे आणि पाऊस उघडल्यावर काही तास थांबणे यांनी जे साधते, ते टायरने साधत नाही. पाणंद रस्त्यांसाठी राज्य शासनाने 2021 साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना मंजूर केली, तिचे मर्म हेच आहे. दहा शेतकऱ्यांनी दहा गाड्यांना महाग टायर घेण्यापेक्षा एक वाट सुधारण्यासाठी एकत्र येणे अधिक शहाणपणाचे होय.

रुबाबासाठी मोठ्या मापाचे टायर बसविण्याची जी चाल पडली आहे, तीही सोडावी. 215/75 आर 15 या मापाच्या टायरचा व्यास सुमारे 704 मिलिमीटर असतो; त्याऐवजी 235/75 आर 15 बसविल्यास तो सुमारे 734 होतो, म्हणजे चार टक्क्यांहून अधिक वाढतो. त्यामुळे वेगमापक खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवितो, चढावर गाडी ओढ कमी घेते आणि वळणावर टायर आतील भागास घासण्याचा संभव राहतो.

काटकसर नक्षीत करावी. सुरक्षिततेत करू नये. टायरच्या बाजूवर कोरलेले आकडे वाचण्यास प्रत्येकाने शिकावे. चार अंकी आकड्यातील पहिले दोन अंक आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे असतात. 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. स्वस्तात मिळणारा जुना साठा यावरून ओळखता येतो. मापापुढील अंक भार दर्शवितो. 100 असल्यास एका टायरने 800 किलोपर्यंत भार घ्यावा असा त्याचा अर्थ. मूळ टायरपेक्षा हा अंक कमी असलेला टायर कदापि घेऊ नये, आणि माल वाहणाऱ्या गाडीस प्रवासी गाडीचे टायर लावू नयेत.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांनुसार अशा गाडीच्या टायरची खाच 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी उरलेली चालत नाही. खाचेच्या तळाशी असलेले उंचवटे नक्षीच्या पातळीस आले, की ती मर्यादा आली असे समजावे. रिमोल्ड केलेले टायर पुढच्या चाकांना लावू नयेत. दोनच नवे घेणे परवडत असेल, तर ते मागे बसवावेत; कारण ओल्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग घसरला, तर ती सावरणे कठीण जाते. कसारा घाटातील पावसाळी उतारावर या नियमाचे मोल कळते.

अखेरीस, सर्वांत स्वस्त उपाय हवेचा आहे. हवा कमी असलेला टायर तापतो, कडांनी झिजतो आणि ओझ्याखाली फुटतो. दर पंधरवड्यास टायर थंड असताना हवा तपासावी, स्टेपनीही विसरू नये. चिखलातून निघण्यासाठी हवा थोडी कमी केली असेल, तर डांबरी रस्त्यावर येताच ती पूर्ववत भरावी. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गावात एक चांगला दाबमापक ठेवण्याची व्यवस्था केली आणि टायर घेण्यापूर्वी चिखलाचे दिवस मोजण्याची सवय शेतकरी बंधूंना लावली, तर पुष्कळ घरांचा पैसा वाचेल आणि गाडीत बसणारी माणसे सुखरूप घरी येतील.