हद्द ओलांडणारा हुकूम

करवीर संस्थानात १९१९ साली राजर्षी शाहू छत्रपतींनी एक कायदा जारी केला. घरातील स्त्रियांना क्रूरपणे वागविणाऱ्यास शिक्षा सांगणारा. त्याच वर्षीच्या आंतरजातीय विवाहाच्या कायद्याचे आपण जयंतीच्या भाषणांतून गोडवे गातो. ह्या दुसऱ्या कायद्याचा उल्लेख मात्र क्वचितच कानी पडतो. बायकोला मारणे ही घरची बाब, असे ज्या काळी शहाणीसुरती माणसेही म्हणत, त्या काळी एका राजाने ती राज्याची बाब ठरविली. सबंध देशासाठी नवऱ्याच्या व सासरच्या क्रौर्याचा स्वतंत्र गुन्हा दंडसंहितेत यायला पुढे १९८३ साल उजाडावे लागले.

पण संस्थानच्या त्या कायद्याला एक मर्यादा होती. तो संस्थानच्या हद्दीपुरताच चाले. कागल आपले, निपाणी इंग्रजांच्या बेळगाव जिल्ह्यात. कागलची लेक निपाणीला दिली की छत्रपतींचा कायदा तिच्यामागून शिवेपर्यंत जाई आणि तेथून माघारी फिरे.

पुढे १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ ला नव्या रेघा पडल्या. त्याच बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका कोल्हापुरात आला. निपाणी, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्या रेघेबद्दलचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे, त्यात येथे शिरत नाही. सोयरिकी मात्र रेघ पाहून थांबल्या नाहीत. चंदगडच्या मुली बेळगावात नांदतात, निपाणीच्या मुली कोल्हापुरात. लग्नाच्या याद्या होताना कोगनोळीचा नाका कुणाला आठवत नाही.

तो आठवतो मुलगी मार खाऊन परत आल्यावर. माझे वडील दरबारचे गवई. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा, आणि गाणे शिकविणे हाच माझाही व्यवसाय. वकिलीशी माझा संबंध नाही. पण शिकवणीच्या घरांतून वावरणाऱ्या माणसापुढे लोक बोलतात, आणि भिंतीपलीकडचा आवाज ओळखणे हे तर आमचे कामच. गेल्या काही वर्षांत एकच वाक्य मी निरनिराळ्या घरांत ऐकले आहे: “तिकडे दिली आहे हो. राज्य वेगळे, कोर्ट कानडी. इथे बसून आपण काय करणार?” असे म्हणून मुलीला महिना-दोन महिने ठेवून घेतात आणि मग चार वडीलधारे तिला गाडीत घालून पोहोचवून येतात.

हे वाक्य चुकीचे आहे, आणि कायद्याने ते चुकीचे ठरून आता बरीच वर्षे झाली. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आला. त्याचे २७ वे कलम आपल्या सीमाभागासाठीच लिहिले असावे असे वाटते. पीडित स्त्री जेथे कायमची किंवा तात्पुरती राहते, जेथे नोकरी-धंदा करते, जेथे समोरचा पक्ष राहतो, किंवा जेथे अत्याचार घडला, त्यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. निवड तिची. निपाणीच्या सासरहून ती कागलला माहेरी आली असेल तर कागलच्या बाजूचे न्यायालय चालते. माहेर गडहिंग्लजला असून ती निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला जात असेल, तर निपाणीच्या बाजूचेही चालते. आणि त्याच कलमात पुढे एक लहानसे वाक्य आहे: या कायद्याखाली दिलेला आदेश भारतभर अमलात आणता येईल. १९१९ चा कायदा जेथे थांबत होता तेथे हा थांबत नाही.

‘तात्पुरती’ ह्या शब्दावर अर्थातच भांडणे झाली. सासर चेन्नईत, सासरचे काही नातेवाईक राजस्थानात आणि सून बंगळुरात, अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ जानेवारी २०२० रोजी सांगितले की ती आज जेथे राहते त्या बंगळूरच्या न्यायालयाला अधिकार आहे. मात्र केवळ अर्ज लावण्यापुरते एखाद्या लॉजमध्ये उतरणे म्हणजे निवास नव्हे, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले होते. माहेरच्या आसऱ्याला ही अडचण नाही. फौजदारी गुन्ह्याच्या बाबतीतही, मारहाण सासरी झाली म्हणून फिर्याद तिकडेच द्या, असे पोलीस सांगत. ९ एप्रिल २०१९ च्या निकालाने तेही बंद झाले आहे. स्त्रीने जेथे आसरा घेतला, तेथील न्यायालयातही तो खटला चालू शकतो.

आता हा आदेश असतो तरी कशाचा? संरक्षण आदेश म्हणजे शिक्षा नव्हे. मारू नकोस, तिच्या कामाच्या जागी जाऊ नकोस, फोन करून छळू नकोस, तिचे दागिने विकू नकोस, बँकेतली तिजोरी उघडू नकोस, अशी ती मनाई आहे. शारीरिक मारच हवा असेही नाही. मूल नाही, मुलगा नाही म्हणून टोचून बोलणे हे कायद्याने नाव घेऊन हिंसेत धरले आहे, आणि स्त्रीधन अडकवून ठेवणेही. अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारणपणे ३ दिवसांच्या आत पडावी आणि तेथून ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न व्हावा असे कलम १२ सांगते. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे कोणताही वकील सांगेल; म्हणूनच प्रतिज्ञापत्रावर तातडीचा अंतरिम आदेश मागण्याची सोय कलम २३ मध्ये आहे, ती विसरू नये. आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा होतो, दखलपात्र आणि अजामीनपात्र: १ वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या बाजूला नोटीस मिळते, म्हणणे मांडता येते, ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते. एका बाजूने ऐकून कुणाला फासावर देण्याचा हा प्रकार नव्हे.

आपल्या जुन्या घराण्यांना ज्या कलमाचा खरा धसका आहे ते निराळेच. ते राहत्या घराचे. “वाडा माझ्या नावावर आहे, मुलाच्या नाही, सुनेचा इथे काय संबंध?” हा युक्तिवाद १५ डिसेंबर २००६ च्या एका निकालामुळे चौदा वर्षे चालला. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल मोडीत काढला. सून ज्या घरात संसार करून राहिली ते घर सासऱ्याच्या मालकीचे असले, तरी तिचा तेथे राहण्याचा हक्क नाकारता येत नाही. हा मालकीहक्क नव्हे, आणि न्यायालय वृद्ध सासू-सासऱ्यांच्या स्वास्थ्याचाही विचार करते. पण रात्री दहाला पिशवी हातात देऊन दार लावण्याचा अधिकार कुणाच्या उताऱ्यावर नोंदलेला नाही. मला स्वतःला हा निकाल वाड्यांच्या विरुद्ध वाटत नाही. कारण हाच कायदा मुलाचा मार खाणाऱ्या आईला, भावाकडे राहणाऱ्या विधवा बहिणीला, कोनाड्यासारख्या खोलीत दिवस काढणाऱ्या आत्यालाही तितकाच खुला आहे. तो सुनांचाच कायदा आहे असे समजून घरोघरच्या म्हाताऱ्या त्याला नावे ठेवतात, हे पाहून वाईट वाटते.

सीमेवरची खरी अडचण कायद्यात नाही, कागद पोहोचण्यात आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या न्यायालयाने मराठीत दिलेला आदेश निपाणीच्या ठाण्यात गेला आणि तेथील अंमलदार कानडीच वाचणारा असला, तर तो कागद टेबलावर पडून राहू शकतो. त्यात त्या अंमलदाराचा दोष काढणे मला पटत नाही. आपल्याकडच्या ठाण्यात कानडी आदेश आला तर आपलेही तेच होईल. कलम २४ प्रमाणे आदेशाची प्रत पक्षकारांना आणि संबंधित पोलीस ठाण्याला विनामूल्य द्यायची असते. अर्जातच सासरच्या ठाण्याचे नाव लिहावे आणि तेथे प्रत पाठविण्याची विनंती करावी. आपली प्रत घेऊन कानडी किंवा इंग्रजी भाषांतर सोबत ठेवावे. आदेश मोडला गेल्यास शक्यतो ज्या दंडाधिकाऱ्याने तो दिला त्याच्याचपुढे खटला चालावा, असे कलम ३१ म्हणते. म्हणजे त्यासाठीही मुलीला पलीकडे हेलपाटे घालावे लागू नयेत. वकिलाचा खर्च ही सबब तर चालणारच नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न विचारता, मोफत वकील मिळतो, आणि १८१ हा मदतीचा क्रमांक दोन्ही राज्यांत एकच आहे.

अर्ज लिहून देण्यापासून मदत करणारा संरक्षण अधिकारी हा या कायद्याचा कणा. तो कोण, कुठे बसतो, हे मी ओळखीच्या दहा घरांत विचारले. एकालाही सांगता आले नाही. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना बजावले की महिला व बालविकास खात्यातले अधिकारी जिल्ह्यात आणि तालुक्यातही ह्या कामी नेमा, आणि त्यासाठी सहा आठवडे दिले. तेव्हा कागल, चंदगड, गडहिंग्लज, निपाणी, चिक्कोडी आणि बेळगाव येथील संरक्षण अधिकाऱ्यांची नावे व पत्ते एकाच फलकावर, मराठी आणि कानडी दोन्ही लिपींत, ह्या सर्व गावांच्या न्यायालयांबाहेर व बसस्थानकांवर लावावेत. आणि कोल्हापूर व बेळगाव जिल्ह्यांच्या विधी सेवा प्राधिकरणांनी एकत्र बसून संरक्षण आदेशाचा एक दुभाषी छापील नमुना करावा, ज्यात मनाईचा मजकूर दोन्ही भाषांत आधीच असेल आणि दंडाधिकाऱ्याने फक्त नावे, ठाणे व तारीख भरायची. छपाईचा खर्च फारसा येणार नाही.