स्ट्रीमर, मरळ आणि घोंगडीच्या दशा

बरेच दिवस या विषयावर लिहीन लिहीन म्हणत होतो. पण ऑफिसात आधी रिलीज, मग रिलीजची निस्तरानिस्तर, मग पुढचा रिलीज... असो. या वेळी शनिवार-रविवारला लागून एक सुट्टी मिळाली, रात्रीच्या गाडीने गावी आलो आणि आता ओसरीवर बसून हे टंकतोय. गाव म्हणजे आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. (पुण्यात नाव सांगितलं की "कुस्तीचा आखाडा का?" हा प्रश्न ठरलेला.)

तर विषय आहे मासे धरायचा. गांडूळ लावलेला नेहमीचा गळ नव्हे, फ्लाय फिशिंग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात खरं आमिष नसतं. गळावर दोऱ्याने पिसं, केस, चमकी बांधून खोटा किडा किंवा माशी तयार करतात. फेकण्यासाठी लागणारं वजन गळात नसतं, ते जाड दोरीत असतं. त्यामुळे गळाला बांधलेली वस्तू हलकी असावी लागते. 'स्ट्रीमर' हा त्यातला एक प्रकार, पण तो माशीची नव्हे तर छोट्या मासोळीची नक्कल करतो. पाण्यात टाकायचा, हाताने दोरी थोडी ओढायची, थांबायचं, पुन्हा ओढायची. मोठ्या शिकारी माशाला वाटलं पाहिजे की जखमी मासोळी चाललीय.

हा स्ट्रीमर कशाचा बनवावा, यावर मला आज चार शब्द बोलायचेत. तुम्ही म्हणाल, यात मत असण्यासारखं काय आहे? मलाही आधी असंच वाटायचं.

सुरुवात मी अगदी आयटीवाल्यासारखी केली. म्हणजे आधी खरेदी! एक प्रसिद्ध नमुना निवडला, त्याची साहित्याची यादी उतरवून घेतली आणि जे जे लिहिलंय ते ते मागवलं. नमुना होता 'क्लाऊझर मिनो'. बॉब क्लाऊझर या अमेरिकन गृहस्थांनी १९८७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीतल्या बास माशांसाठी तो बनवला. पांढऱ्या शेपटीच्या अमेरिकन हरणाचे शेपटीचे केस, थोडी चमकी, आणि गळाच्या दांडीवर डंबेलच्या आकाराचे धातूचे जड डोळे. डोळे अशा जागी बांधलेले असतात की गळ पाण्यात उलटा होतो, टोक वर राहतं आणि तळातल्या दगडांत अडकत नाही. डिझाईन म्हणून अतिशय देखणं. मी पांढरा आणि पोपटी रंग घेऊन हुबेहूब बांधला. फोटो काढला, मित्रांना पाठवला, शाबासकी मिळवली.

मासा मात्र एकही मिळाला नाही. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला तलावावर जाळं आवरत बसलेले एक मामा माझी पोपटी कलाकृती हातात घेऊन म्हणाले, "बाबू, हे माशाला दाखवायलास का आम्हाला?"

(इथे एक गोष्ट सांगून टाकतो. आपल्याकडे तलावात आणि धरणात मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. हौशी माणसानेही आधी विचारावं आणि मगच गळ टाकावा. मामा त्या संस्थेतलेच. तलावाचं नाव मात्र मी सांगणार नाही, तेवढा स्वार्थ माफ करा!)

मामांचा टोमणा डोक्यात राहिला. घरी येऊन एक साधी गोष्ट केली, जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. तलावाचं पाणी लोणच्याच्या काचेच्या बरणीत भरून आणलं आणि स्ट्रीमर त्यात सोडला. पांढरा-पोपटी रंग त्या मातकट पाण्यात विरघळल्यासारखा झाला. आमच्याकडची माती काळी, अत्यंत बारीक कणांची. पावसाळ्यात ती पाण्यात उतरली की कण लवकर खाली बसत नाहीत. कयाधूला पूर आला की पाण्याचा रंग चहासारखा होतो, आणि छोट्या तलावांचं पाणी तर पुढे कितीतरी दिवस गढूळच असतं. बरणी उजेडासमोर धरली आणि मग काळ्या कोंबड्याचं एक पीस आत सोडलं. रंग वगैरे काही कळेना, पण आकृती स्वच्छ दिसली.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. क्लाऊझरनी आपल्या नदीच्या प्रश्नाचं उत्तर शोधलं होतं. मी ते उत्तर उतरवून घेतलं आणि प्रश्न वाचलाच नाही. शाळेत कॉपी करणाऱ्या पोराचं होतं तसं, शेजाऱ्याचा पेपर 'अ' संचाचा आणि आपला 'ब' संचाचा.

मग वहीत साहित्याची यादी खोडली आणि कामांची यादी लिहिली. आमच्या पाण्यात, मरळ या माशासाठी, स्ट्रीमरने नेमकं काय करायचंय?

एक, गढूळ पाण्यात जाणवायचं. मासा फक्त डोळ्यांनी शिकार करत नाही. त्याच्या अंगावर दोन्ही बाजूंनी पार्श्वरेखा असते, तिने त्याला पाण्याची हालचाल कळते. म्हणजे स्ट्रीमरचं डोकं जाडसर हवं, ओढल्यावर पाणी ढकलणारं. दोन, गडद आकृती. तीन, हळूहळू बुडणं, कारण मरळ उथळ पाण्यात, गवताच्या कडेला असते आणि हवा घ्यायला वरही येते. दगडासारखा तळाला जाणारा स्ट्रीमर तिच्या कामाचा नाही. चार, दोरी थांबवली तरी शेपटीने हलत राहणं. पाच, मरळीच्या दातांना पुरून उरणं.

आता गंमत बघा. पाणी ढकलणारं डोकं म्हटलं की पुस्तकी उत्तर आहे हरणाचे केस. डॉन गेपन यांनी कॅनडातल्या निपिगॉन नदीवर 'मडलर मिनो' बांधला, त्याचं डोकं असंच हरणाच्या केसांचं कातरून केलेलं असतं. पण हे केस आतून पोकळ, हवा भरलेले. म्हणजे ते तरंगणार. मग बुडवायला वजन बांधा. एक वस्तू वर ओढणार, दुसरी खाली. कोडमध्ये असं कुणी लिहिलं तर रिव्ह्यूमध्ये आपण त्याला सोडणार नाही.

माझं उत्तर घरातच निघालं. आजीच्या जुन्या घोंगडीच्या दशा. दख्खनी मेंढीची लोकर, मुळातच काळी, राठ आणि कुरळी. दशा उकलून, जुन्या कंगव्याने विंचरून, गळावर बांधून कातरली की अंगठ्याच्या नखाएवढं घट्ट डोकं तयार होतं. लोकर पाणी पिते आणि हळूहळू बुडते. म्हणजे पहिलं, दुसरं आणि तिसरं काम एकाच साहित्याने केलं, आणि जड डोळ्यांची गरजच संपली. चावीच्या साखळीतले दोन पोकळ मणी पुरले.

तोटा आहेच. भिजलेली लोकर फेकायला जड जाते. म्हणून ती डोक्यापुरतीच. शेपटीला बोकडाच्या शेपटीचे काळे केस, ते पाणी धरून ठेवत नाहीत, झटकलं की हलके. (खाटकाने फुकट दिले. आई म्हणाली, "ते घेऊन स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही.") दोन्ही बाजूंना गावरान कोंबड्याच्या मानेचं एकेक पीस, जे ओढताना मिटतं आणि थांबलं की उघडतं. चमकीसाठी जुन्या साडीच्या काठातले जरीचे तीन-चार तंतू. हल्लीची स्वस्त जर म्हणजे धातूचा मुलामा दिलेली प्लास्टिकची बारीक पट्टीच असते, आणि दुकानातली महाग चमकी म्हणजेही बहुतेक वेळा तेच. बांधायला शिलाईचा पॉलिएस्टर दोरा, शेवटी गाठीवर सुपर ग्लूचा एक थेंब.

"बघा, शेवटी देशी जुगाडच भारी!" असं कुणी म्हणायच्या आत थांबवतो. कारण माझा तो मुद्दाच नाही. माझे देशी प्रयोग विदेशीइतकेच आपटलेत. आमचा जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हटलं, पांढरे केस हळदीत रंगवू. छान पिवळे झाले. चुना घातला, कुंकवासारखे लालसर झाले. मी खूश. तलावात टाकल्यावर काही वेळात लाल गेला, पिवळा उरला, आणि दोन दिवस उन्हात ठेवल्यावर पिवळाही उडाला. हळदीचा रंग अल्कलीत लाल होतो आणि अल्कली धुतली गेली की परत पिवळा, हे शाळेत शिकलो होतो. मार्कही मिळाले होते!

दुसरा प्रयोग खताच्या पोत्याच्या पट्ट्यांचा. सुईने विंचरल्या की सुंदर चकचकीत तंतू निघतात. पण पोतं पॉलिप्रॉपिलीनचं, त्याची घनता ०.९ च्या आसपास, म्हणजे पाण्यापेक्षा कमी. स्ट्रीमर आडवा तरंगत राहिला. शिवाय त्याचे तंतू तुटून तलावातच पडायला लागले, तेव्हा तो नाद सोडला. फुकट मिळालं म्हणून साहित्य योग्य ठरत नाही, जसं महाग मिळालं म्हणून ठरत नाही.

आता थोडं गंभीर. कामांच्या यादीत एक सहावा प्रश्न मी नंतर लिहिला: हे साहित्य कुणाच्या जिवावर येतंय?

जुन्या इंग्रजी नमुन्यांत स्ट्रीमरच्या गालावर रानकोंबड्याच्या मानेचं पीस सांगितलेलं असतं. त्यावर लाखेसारखा चमकदार ठिपका असतो, तो डोळ्यासारखा दिसतो. हा राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीतलाच पक्षी. मला एकाने ओळखीतून "आणून देतो" म्हटलं होतं. सांबर-चितळाचे केसही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे सगळे प्राणी-पक्षी संरक्षित आहेत. मोराच्या गळून पडलेल्या पिसांना देशात सूट आहे, पण गळालेलं पीस कोणतं आणि मारून उपटलेलं कोणतं, हे विकत घेणाऱ्याला कसं कळणार? डोळ्याचा ठिपका काढायला नेलपॉलिश पुरतं. माशाने आजवर तक्रार केलेली नाही.

शिशाचंही तसंच. जड, स्वस्त, सोपं. पण तुटलेला गळ तलावातच राहतो आणि पक्षी खड्यांसोबत शिसं गिळतात. ब्रिटनने हंस मरायला लागले म्हणून १९८७ मध्ये गळाच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी घातली. लोकरीमुळे माझं शिसं आपोआप सुटलं, यात माझं श्रेय काही नाही. पण सुटलं नसतं तरी पितळेवर जायला हवं होतं.

आणि शेवटचं साहित्य म्हणजे खुद्द गळ. हे लिहायला जरा जड जातंय.

मागच्या पावसाळ्यात तलावाच्या कडेला पाण्यावर लालसर पिल्लांचा एक पुंजका दिसला. मला वाटलं, चला, इथे मासे आहेत. काळा स्ट्रीमर बरोबर मधोमध टाकला. दुसऱ्याच ओढीला जोरात धडक बसली. माझी पहिली मरळ! किलोभराची असेल. आनंदाने ओरडलो. मामा पलीकडून चालत आले, पण हसले नाहीत. म्हणाले, "लाल पिल्लं दिसली की तिथून निघायचं असतंय बाबू. माय-बाप राखायलेत त्यांना. तिनं काय भूक लागली म्हणून धरलं का तुझं ते?"

तिने भुकेने धरलंच नव्हतं. पिल्लांवर कुणीतरी चालून आलंय असं समजून ती धडकली होती. माझा स्ट्रीमर इतका चांगला जमला होता की तिला तो खरा शत्रू वाटला. गळाला काटा होता, उलटा, रुतून बसणारा. तो सोडवायला मला बराच वेळ लागला. मरळ हवेतही श्वास घेते म्हणून तगली. सोडली तिथेच. ती खाली गेली. पिल्लांचा पुंजका तोवर पांगला होता, आणि त्या गढूळ पाण्यात पुढचं काही दिसलं नाही.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक गळाचा काटा मी पकडीने दाबून सपाट करतो आणि पावसाळ्यात मरळीच्या वाट्याला जात नाही. काही मासे सुटतात. सुटू देत.

तर मंडळी, माझं मत एवढंच. साहित्य कोरडं असताना, दुकानात किंवा पडद्यावर बघून निवडू नका. आधी आपलं पाणी बरणीत भरून आणा. वस्तूला काम काय आहे ते लिहा, मग ती भिजवून बघा. आणि ती खरंच चांगली जमली, तर ती कुणासमोर टाकताय तेही एकदा बघा.

ता.क. आजीला घोंगडीच्या दशा कापल्याचं अजून सांगितलेलं नाही. घरातलं कुणी हे वाचत असेल तर कृपया गप्प बसावं.